लायसनवरचं नाव

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते तांदूळ निवडायचं. दुपारची जेवणं आटपली होती. स्टीलचं मोठं ताट अर्धं माझ्या मांडीवर, अर्धं तिच्या. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तिला बारीकसुद्धा स्वच्छ दिसायचं. मला जवळचं नीट दिसत नाही, मी बोटांनी चाचपून निवडतो. मी एक खडा बाजूला काढला तर तिनं तो उचलून परत ताटात टाकला.

"अहो, हा खडा नव्हे, तांदूळच आहे की."

"काळा तांदूळ?"

"तुमच्यासारखा. टाकायचा नसतो."

अर्धं ताट झालं तेव्हा तिला जांभई आली. "राहू दे, उरलेले उद्या," म्हणाली, ताटावर पेपर झाकला, ताट टेबलावर ठेवलं आणि आडवी झाली. चहा झाल्यावर मी हाक मारली, "ओ सिस्टर, चहा." उठली नाही. मी तिची नाडी बघितली. नाडी कशी बघायची ते तिनंच शिकवलं होतं. दोन बोटं लावायची, अंगठा लावायचा नाही, अंगठ्याला आपलीच नाडी लागते आणि माणूस फसतो. मी अंगठा लावला नाही.

मुलगी मुलुंडहून धावत आली, शेजारी आले, सेक्रेटरीनं सोसायटीच्या गेटवर फळा लावला. संध्याकाळी तिला नेलं.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण माझी बायको महाराष्ट्राची रजिस्टर्ड नर्स होती, आणि ती कशी झाली हे आता मला एकट्यालाच माहीत आहे. म्हणून लिहून ठेवतो.

आमचं लग्न ऐंशीच्या पुढचं. मी मालवणाकडचा, घाटकोपरला भटवाडीत डोंगरावरच्या चाळीत राहायचो, भांडुपच्या कारखान्यात हेल्पर. ती बेळगावची. तिच्या बापाचं तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान. त्यानं पोरीला नर्सिंगला घातलं तेव्हा त्याचे भाऊबंद म्हणाले, परक्या बाप्यांची अंगं पुसायला पाठवतोस का. तो म्हणाला, तुमचं अंग पुसायची वेळ आली की तिलाच बोलवाल. शिकवली त्यानं. ती पास झाली, तिकडच्या राज्याच्या कौन्सिलात तिचं नाव चढलं, आणि मग आमचं स्थळ गेलं.

लोक मला विचारायचे, एवढी शिकलेली बाई तुला कशी मिळाली रे. मी तिलाच विचारलं एकदा. म्हणाली, "मुंबईत खोली आहे म्हणाले, आसपास इस्पितळं भरपूर आहेत म्हणाले. तुमच्याकडे नंतर बघितलं."

आता आमच्यातली रीत सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. सून घरात आली की तिचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, मग पेढे वाटायचे. बापाचं नाव जातं, आडनाव जातं आणि स्वतःचं पण जातं. नाव माझ्या आईनं निवडलं, मामानं ताट धरलं, मी लिहिलं. चांगलं नाव होतं. सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि त्या दिवसापासून बेळगावच्या पोरीला कोणी तिच्या नावानं हाक मारली नाही. मी पण नाही. ती तक्रार करत नव्हती. सगळ्या सुनांचं हेच, तिचं वेगळं काय.

वेगळं होतं ते कामाचं. एका राज्यात शिकलेल्या नर्सला दुसऱ्या राज्यात काम करायचं तर तिथल्या कौन्सिलात नव्यानं नोंद करावी लागते. ती होईपर्यंत ती नर्स नाही. घाटकोपरलाच एका खाजगी नर्सिंग होममध्ये ती लागली, पण आया म्हणून. निळी साडी, भांडी द्यायची, चादरी बदलायच्या, फरशीवर सांडलेलं पुसायचं. तीन वर्षं शिकून आलेली बाई. घरी येऊन मासे साफ करता करता सांगायची, आज अमुक बाळंतीण आली, आज तमुक झालं. कधी रडली नाही. फक्त एकदा मासळीवर सुरी जरा जोरात चालली.

त्या दिवशी तिथली नर्स आली नव्हती. डॉक्टर तिला म्हणाला, "तुला येतं ना इंजेक्शन? मग टोच. कोण बघतंय?"

"येतं, डॉक्टर. पण इथलं लायसन नाही."

"मी सांगतोय ना."

"तुम्ही सांगताय म्हणून आज टोचेन. उद्या पेशंटला काही झालं तर तुम्ही म्हणाल, ती तर आया होती. लायसन येईल त्या दिवशी सांगावं पण लागणार नाही की."

डॉक्टरनं स्वतः इंजेक्शन दिलं. ही ट्रे धरून उभी राहिली. मला सांगून झाल्यावर म्हणाली, "ट्रे धरायला लायसन लागत नाही. पण किती दिवस धरू?"

पालिकेच्या इस्पितळात जागा निघणार होती. तिथली मेट्रन, म्हणजे नर्सांची मोठी, हिच्या ओळखीची झाली होती. ती म्हणाली, दिवाळीपर्यंत लायसन घेऊन ये, नंतर जागा भरली जाईल, मग माझ्या हातात काही नाही. आम्ही लगेच अर्ज केला. आमच्या कारखान्यात एक टाइमकीपर होता, अक्षर मोत्यासारखं. अख्ख्या खात्याचे अर्ज तोच लिहायचा. त्यानं रेशनकार्ड समोर ठेवलं आणि त्यावरचं हिचं नाव, माझं नाव, माझं आडनाव झोकात लिहिलं. सगळ्यांना आवडलं. आईला वाचता येत नव्हतं तरी तिनं हातात घेऊन बघितलं.

अर्ज घेऊन आम्ही दोघं शहरात कौन्सिलच्या ऑफिसात गेलो. टेबलावर एक बाई, रिटायरला आलेली, गालात बडीशेप. तिनं आमचा अर्ज बघितला, तिकडच्या कौन्सिलचं पत्र बघितलं, सर्टिफिकेट बघितलं. मग चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं.

"यातली तुम्ही कोण?"

"दोन्ही मीच," ही म्हणाली.

"कसं काय? नर्सिंग शिकली ती ही कुमारी, बेळगावची. अर्ज केलाय या सौभाग्यवतीनं, घाटकोपरच्या. नाव वेगळं, मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं. एका बाईच्या शिक्षणावर दुसरीला लायसन कसं देऊ? लग्नाचं सर्टिफिकेट आहे?"

मी म्हणालो, "आमच्यात कोण काढतो? पत्रिका आहे."

"पत्रिकेत नवं नाव आहे?"

"नाही. ते लग्नानंतर ठेवतात."

"मग कुठं लिहिलंय?"

मी खरं ते सांगितलं. "तांदळावर."

बाईनं बडीशेप चावायची थांबवली. हिनं माझ्या कोपराला चिमटा काढला. पण मी खोटं काय बोललो? तिथंच लिहिलं होतं.

घरी आल्यावर आई भडकली. तिच्या डोक्यात शिरलं की त्या बाईला आमच्या लग्नाबद्दलच संशय आहे. "साक्षीदार होयो मां तेका? मी येतंय," म्हणाली. मामाला पण निरोप गेला. आता हसू येतं, पण तेव्हा आम्हाला वाटलं, बरोबर आहे. ताट धरणारा आहे, नाव ठेवणारी आहे, लिहिणारा मी आहे. अजून काय पुरावा पाहिजे? ही एकटीच म्हणत होती, "अहो, ते कोर्ट नव्हे. असं चालत नसतंय." कोणी ऐकलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही चौघं बसनं गेलो. आई नऊवारीत, मामा टोपी घालून. टेबलासमोर आमची रांगच लागली.

मामा म्हणाला, "ताट मी धरलं होतं."

बाई म्हणाली, "बरं."

आई पुढे झाली. "नाव मी दिलंय. माझ्या डोळ्यांसमोर लिवल्यान माझ्या झिलान. हीच ती. बगा, हीच."

"आजी, मी नाही म्हणत नाही. पण सरकार तांदूळ बघत नाही. आणि ते तांदूळ आहेत कुठं आता?"

"ते त्याच दिवशी शिजवून खाल्लव आमी."

बाजूच्या टेबलांवरचे लोक हसायला लागले. बाई हसली नाही, हे मी तिच्याबद्दल कायम लक्षात ठेवलं. तिनं आईला खुर्ची दिली. मग विचारलं, "आजी, सुनेचं माहेरचं नाव काय हो?"

आई म्हणाली, "तां माका कित्याक व्हया? घरात इली, नाव दिला."

"तुम्ही नाव दिलंत. शिकवलं कोणी?"

आईनं हिच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच बघितल्यासारखं. "तिच्या बापाशीन."

"या कागदावर त्याचं नाव आहे," बाई म्हणाली, आणि आईला सर्टिफिकेट दाखवलं. आईला वाचता येत नव्हतं. त्यावर हिचा दोन वेण्यांचा फोटो होता, तो आई बराच वेळ बघत बसली.

मग बाईनं आम्हाला दोन वाटा सांगितल्या. एक, कोर्टात प्रतिज्ञापत्र करा, सरकारी गॅझेटमध्ये नाव बदलल्याचं छापून आणा, मग तिकडच्या कौन्सिलकडून दुरुस्ती करून आणा, मग इथं या. दिवाळी काय, शिमगा उजाडेल. दुसरी, ज्या नावानं शिकलात त्याच नावानं नवा अर्ज करा. फोटो जुळतो, तिकडचं पत्र आलेलंच आहे. काही अडचण नाही. "पण मग लायसनवर जन्मभर माहेरचं नाव राहील. बिल्ल्यावर तेच, पगाराला तेच. घरी विचारून घ्या."

घर तिथंच उभं होतं. मामानं टोपी सारखी केली आणि आम्ही बसस्टॉपवर आलो.

खोलीत आल्यावर आईनं तोंड उघडलं. "माझ्या झिलाचा नाव लावूक लाज वाटता काय गो तुका? चार वाड्यांत पेढे वाटलेत. आता लोकांक काय सांगू, सून बिनलग्नाची?"

ही शांतपणे म्हणाली, "आई, घरात मला तुम्ही दिलेल्या नावानंच हाक मारा. मला आवडतं ते. पण सुई टोचताना हात बेळगावात शिकलेला आहे. तिथं मला त्याच नावानं शिकवलंय. चुकलं तर त्याच नावानं विचारतात."

"आणि माझ्या झिलाक काय विचारतले? बायलेन नाव सोडल्यान म्हणतले."

मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मामा चपला घालायला लागला, असल्या वेळी तो नेहमी चपला घालायचा. मी काही मोठा विचार केला नाही. मला ती ट्रे धरून उभी राहिलेली दिसत होती एवढंच. मी म्हणालो, "आये, नाव तू निवडलंस. पण अंगठी कोणी फिरवली तांदळात? मी. मग पुसायचं असेल तर मीच पुसणार. ऑफिसातलं पुसतो, घरातलं राहू दे. झालं?"

"लोक हसतले तुका."

"हसू दे. पगार लोक देत नाहीत."

आई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली, पण हिच्या हातचं बांगड्याचं तिखलं पानात घेताना म्हणाली, "तुझ्या बापाशीन जेवण पण शिकवल्यान काय?" ही म्हणाली, "नाही की. ते तुम्ही." आईनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

नवा अर्ज हिनं स्वतःच्या हातानं लिहिला. टाइमकीपरला राग आला, अक्षर बघून म्हणाला, बरं आहे. दिवाळीच्या जरा आधी लायसन आलं. पोस्टमन चाळीत खालून ते नाव घेऊन ओरडत वर आला, आणि चाळभर कोणीच दार उघडेना, कारण त्या नावाची बाई आमच्या चाळीत कोणाला माहीत नव्हती. परत चालला होता. मी नळावर होतो. बादली तशीच टाकून ओरडलो, "इकडे दे. माझी बायको आहे ती."

नळावरच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मला त्या वेळी एवढं बरं वाटलं की सांगता येत नाही. कारखान्यात मला फोरमन केला असता तरी वाटलं नसतं.

तिनं लायसन हातात घेतलं, वाचलं, उलटं करून मागची बाजू बघितली, तिथं काही नव्हतं. मग देवासमोर ठेवलं. संध्याकाळी मी बाजारातून पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन आलो. बूट तिला जरा सैल झाले, पुढे कापूस घालून वापरले तिनं.

ती पालिकेच्या इस्पितळात लागल्यावर चाळीत मी तिला सिस्टर म्हणायला लागलो. आधी मस्करीनं. कारखान्यातले मित्र म्हणायचे, "येडा झालास काय रे, बायकोला सिस्टर म्हणतोस?" पण तेच तोंडात बसलं. एक नाव आईचं, एक तिच्या बापाचं. मला माझं पाहिजे होतं एक.

आई काही दिवस लायसनबद्दल काही बोलायची नाही. मग एकदा विळीवर बोट कापलं तिचं. एवढंसं. हळद लावून बसणारी बाई, पण त्या दिवशी म्हणाली, धनुर्वात होईल, इस्पितळात जायला पाहिजे. मी घेऊन गेलो. तिथं गर्दी, केसपेपरची रांग, पंख्याखाली बाकडी. आई रांगेत थांबली नाही. सरळ आत गेली आणि कॉरिडॉरच्या मधोमध उभी राहून हिचं माहेरचं नाव, सायकलवाल्या बापाचं नाव, आडनाव, सगळं एका दमात घेऊन मोठ्यानं विचारलं, "ती सिस्टर खंय बसता?"

एका वॉर्डबॉयनं बोट दाखवलं. बाकड्यावरची एक म्हातारी म्हणाली, "तुमची मुलगी का हो?"

"सून," आई म्हणाली. "बापाशीन शिकवल्यान, म्हणून तेचा नाव."

तिनं ते नाव पाठ केलं होतं. कधी आणि कोणाकडून, ते मी विचारलं नाही. आतून ही आली, पांढऱ्या साडीत, छातीवर बिल्ला. आईला बघून चालता चालता थांबली. मग म्हणाली, "आजी, रांगेत या. इथं सगळे सारखे."

आई मुकाट्यानं रांगेत जाऊन उभी राहिली. माझ्याकडे वळून म्हणाली, "बगलंस? कसां बोलता." आणि पदर नीट केला. इंजेक्शन घेताना ओरडली मात्र. बाहेर आल्यावर भटवाडीच्या चढावर भेटेल त्याला दंड दाखवत होती.

रिटायर होईपर्यंत ती त्याच इस्पितळात होती. भटवाडीतली पोरं तिच्या हातावर जन्मली, त्यांची पोरं पण. मग आम्ही खाली उतरून सोसायटीत राहायला आलो. सोसायटीच्या दप्तरात तिचं घरचं नाव, माझं नाव, माझं आडनाव. बरोबरच होतं ते. तिनं ठरवल्याप्रमाणे घरात एक, कामावर एक. कधी गोंधळ झाला नाही.

गोंधळ झाला तो परवा, ती गेल्यावर.

सकाळी मी खाली उतरलो. घरात बायका होत्या, मुलगी नुकतीच डोळा लागून झोपली होती. वॉचमन खुर्चीवरून उठला. म्हणाला, "काका, काल तुम्ही लोक स्मशानात होता ना, तेव्हा दोन बायका आल्या होत्या. वयस्कर. हातात फुलं. इस्पितळातली सिस्टर गेली असं कोणीतरी सांगितलं म्हणाल्या. फळा वाचला आणि म्हणाल्या, ही आमची नाही, ही दुसरी कोण आहे. गेल्या परत."

"फुलं?"

"घेऊन गेल्या."

मी फळ्याकडे बघितलं. सेक्रेटरीनं दप्तरात बघून नाव लिहिलं होतं. कै. सौ., मग आईनं दिलेलं नाव, मग माझं, मग आडनाव. ज्या बायकांनी तिच्याबरोबर जन्म काढला त्यांनी हे नाव कधी ऐकलंच नव्हतं.

मी वॉचमनकडे खडू मागितला. नाव तळहातानं पुसलं. माझं अक्षर चांगलं नाही, म्हणून मोठं लिहिलं. तिचं नाव. तिच्या बापाचं नाव. तिच्या माहेरचं आडनाव. खाली लिहिलं, रजिस्टर्ड नर्स, महाराष्ट्र.

सेक्रेटरी दूध घेऊन येत होता. थांबला. "काका, हे कोण?"

"माझी बायको."

"आणि तुमचं नाव पुसलंत ते?"

"माझं लागेल ना फळ्यावर. जरा थांब की."

वॉचमनला मी सांगितलं, त्या बायका परत आल्या तर वर पाठव, जिना दाखव. दुसरं कोणी ते नाव विचारत आलं तरी पाठव.

वर आलो. टेबलावर ताट तसंच होतं, पेपर झाकलेला. घरात चूल पेटवायची नव्हती, जेवण शेजारून येणार होतं. तरी मी पेपर काढला, खिडकीजवळ बसलो, ताट दोन्ही मांड्यांवर घेतलं आणि उरलेले तांदूळ निवडले. तो काळा दाणा पुन्हा बोटाला लागला. ताटातच ठेवला.